भोंगा, चष्मेवाला आणि बारा खांब

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.४०

नवी वही. दोनशे पानी, कडक पुठ्ठ्याची. ही कोणाला दाखवायची नाही, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही.

एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. रिकामा तराजू एका बाजूला जरासा झुकतो, त्याला पासंग म्हणतात. दुकानदाराला स्वतःच्या तराजूचा पासंग कधी दिसत नाही. मला दारातूनच दिसायचा. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. ही नजर नुसती पडून आहे.

निश्चय: टीव्हीवर संध्याकाळी सातला राजकारणाच्या चर्चा घेणारे जे दोघे आहेत, त्यांचा पासंग मोजायचा. एक माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा, लाडका. कायम ओरडतो. त्याला मी भोंगा म्हणतो. दुसरा शांत, सोनेरी काडीचा चष्मा, मुद्द्याला धरून. तो माझा लाडका आहे असं नाही; तो बरोबर असतो एवढंच. दादा त्याला साखरझोप म्हणायचा.

प्रत्येकी तीस कार्यक्रम. तीसपेक्षा कमी नमुन्यावर निष्कर्ष काढणं अप्रामाणिकपणाचं. मग अहवाल. अहवाल दादाच्या हातात ठेवायचा. वाचला की तो स्वतःहून बोलेल.

उद्यापासून सुरुवात. आज रकाने आखणे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

रकाने: कोण किती वेळ बोललं. किती वेळा मध्येच तोडलं. चुकीचे आकडे. शेवटचा रकाना पासंग.

दोघांची वेळ एकच, सात ते आठ. म्हणून चष्मेवाला संध्याकाळी, आणि भोंगा दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या पुनःप्रक्षेपणात. स्टॉपवॉच आहे. ऑफिसने निरोपाला दिलेलं. भिंतीवरचं घड्याळ द्यायचं ठरलं होतं, ते साहेबांना गेलं.

आज चष्मेवाला. पाहुण्यांना एकदाही तोडलं नाही. एकोणतीस वेळा स्पष्टीकरण मागितलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी भोंगा. सदतीस वेळा तोडलं. एका पाहुण्याला तर त्याचं नावही पूर्ण सांगू दिलं नाही.

भांडणाची नोंद इथेच करून ठेवतो. अहवालाला प्रस्तावना लागेल.

गेल्या जुलैत दादाची सत्तरी. त्याच्या घरी जेवण. त्या आठवड्यात भोंगा म्हणाला होता, नव्या पुलाला चौदा खांब आहेत आणि त्यातले दोन उगाच आहेत. चष्मेवाला म्हणाला होता, बारा. जेवताना मी दादाला शांतपणे सांगितलं, बारा. दादा म्हणाला, काय? मी पुन्हा सांगितलं. काय? तिसऱ्यांदा सांगितलं. काय? ही सरळ भोंग्याची युक्ती. समोरच्याला तीनदा काय काय करायचं, त्याचा धीर सुटतो. माझा सुटला. मी सगळ्यांसमोर ओरडलो की तुझ्याशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं. हे मात्र त्याला एका फटक्यात कळलं. ताटावरून उठला.

सात महिने झाले, बोलणं नाही.

ही म्हणाली, अहो, पूल इथून चार स्टॉपवर. जाऊन मोजा ना एकदा. मी म्हणालो, विश्वासू माणसाने सांगितलेली गोष्ट पुन्हा मोजणं म्हणजे त्याचा अपमान. ही म्हणाली, मग एकतीस वर्षं बाजारात काय करत होता?

पूल ओलांडल्याशिवाय दादाच्या घरी जाता येत नाही. त्यामुळे सध्या त्या बाजूला काही काम निघत नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मोजणीत व्यत्यय. ही शाळेचे गणवेश शिवून देते. मशीनचा आवाज सुरू झाला की चष्मेवाल्याचं पहिलं अक्षर हुकतं. तो हळू बोलतो ना. नियम केला: सात ते आठ मशीन बंद. ही म्हणाली, सोमवारी अकरा पिनाफोर द्यायचे आहेत, पोरी काय अहवाल घालून शाळेत जाणार आहेत? तडजोड: जाहिराती लागल्या की मशीन.

या आठवड्यात जाहिराती कमी आहेत असं हिचं म्हणणं.

१० फेब्रुवारी, सोमवार

वहिनींचा हिला फोन. दादाकडच्या टीव्हीच्या आवाजाची शेजाऱ्यांनी तक्रार केली. दोनदा. सोसायटीच्या सेक्रेटरीने घरी येऊन सांगितलं.

याला म्हणतात परिणाम. माणूस जे बघतो तसा होतो. अहवालात 'घरगुती दुष्परिणाम' असा नवा मुद्दा घातला.

ही म्हणाली, त्यापुढे वहिनी काय म्हणाल्या ते तरी ऐका. पण सातला दोन मिनिटं कमी होती. म्हणालो, नंतर.

नंतर राहिलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. डोळ्यांत औषध घातलं, संध्याकाळपर्यंत सगळं धूसर. नोंदी लिहिता येईनात. हिला स्टॉपवॉच दिलं, रकाने समजावले.

हिचा निकाल: चष्मेवाल्याने एकतीस वेळा तोडलं.

मी म्हणालो, ती स्पष्टीकरणं. ही म्हणाली, पाहुणा बोलत असताना हा बोलला, पाहुणा गप्प झाला. मी रेघ ओढली. तुम्ही सांगितलंत तसंच केलं. मी म्हणालो, तो हळू आवाजात तोडतो, त्यात आदर असतो. ही म्हणाली, कात्री बोथट असली म्हणून कापड कापलं जात नाही का?

मोजणीला प्रशिक्षण लागतं. आजचा दिवस नमुन्यातून वगळावा का? वगळला तर तीसचे एकोणतीस होतील. ठेवला, आणि हिच्या आकड्याशेजारी 'अननुभवी' असा शेरा मारला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

चुकीच्या आकड्यांचा रकाना आतापर्यंत कोरा होता. पद्धत सापडली. भोंग्याचा आकडा चष्मेवाल्याच्या आकड्याशी ताडून बघायचा. जुळला नाही तर चूक.

खात्यातही हेच. एक प्रमाण वजन असतं, बाकीची त्याच्याशी ताडायची. आता, प्रमाण वजनही दर वर्षी वरून तपासून आणावं लागायचं. तो भाग तूर्त सोडला आहे.

आजवरच्या चुका: भोंगा चौतीस, चष्मेवाला शून्य. इतका स्वच्छ निकाल मी उभ्या नोकरीत पाहिला नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

बातमी. दादा आणि वहिनी कायमचे मुलीकडे चालले. दीड दिवसाचा प्रवास. घर विकलं. बारा मार्चला संध्याकाळी निघणार. हे मला हिच्याकडून कळतं.

ही म्हणाली, आता तरी जाल ना? तिथून परत यायचं त्यांचं वय नाही, आणि तिथवर जायचं आपलंही नाही.

हिशेब केला. तीस कार्यक्रम सतरा मार्चला पुरे होतात. पाच दिवस कमी पडतात. एकाने तरी तारीख पुढे ढकलायला हवी. मी ढकलू शकत नाही. नमुना हा नमुना.

तोडगा: बारा तारखेला सत्तावीस कार्यक्रम झालेले असतील. 'अंतरिम अहवाल' असा मथळा देऊन तोच नेऊन द्यायचा. रिकाम्या हाताने जायचं नाही. रिकाम्या हाताने जाणं म्हणजे चौदा मान्य करणं.

२ मार्च, रविवार

ही दादाकडे जाऊन आली. जुनी भांडी बांधायला मदत केली. मी गेलो नाही. बेरजा बाकी होत्या, आणि सकाळपासून घशात खवखव.

आल्यावर पदराने तोंड पुसत समोर बसली. म्हणाली, दादा दारापर्यंत आले होते. माझ्या मागे कोणी आहे का बघत होते. मग म्हणाली, अहो, दादांबद्दल एक गोष्ट तुम्हाला—

मी बोट वर केलं. बेरजेच्या मध्ये बोललं की हातचा हरवतो. म्हणालो, एवढा रकाना होऊ दे.

ही म्हणाली, आज दिवसातला हा सहावा.

काय सहावा ते सांगितलं नाही. उठून गणवेशाला काजं करायला बसली. रकाना पुरा केला. दोनदा चुकला.

५ मार्च, बुधवार

स्टॉपवॉचचं बटण अडकतं म्हणून घड्याळजीकडे नेलं. त्याने भिंग लावून पाहिलं, आपल्या घड्याळाशी लावून पाहिलं. म्हणाला, साहेब, हे मिनिटाला चार सेकंद मागे पडतंय. मी विचारलं, कधीपासून? म्हणाला, माझ्याकडे आज आलं. तुम्ही घेतलं तेव्हा तपासलं असेल ना?

नाही.

एकवीस कार्यक्रम या घड्याळावर. परत येताना बाकावर बसून विचार केला. घड्याळ दोघांना सारखंच मागे पडलं. म्हणजे अन्याय कोणावर नाही. काळजीचं कारण नाही.

हिला सांगितलं नाही.

७ मार्च, शुक्रवार

वहिनींचा फोन, थेट मला. सात वाजून पाच मिनिटांनी. हीच वेळ का निवडावी कळत नाही. म्हणाल्या, भावजी, रागावू नका, पण हे रोज सातला— मी म्हणालो, वहिनी, आठनंतर करता का? बरं, म्हणाल्या.

आठनंतर मी फोनजवळच होतो. नाही आला. करायचा असता तर केला असता.

मी तिसरीत असताना दादा मला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडायचा. रस्त्यातले विजेचे खांब मोजायला लावायचा. चुकलं की सायकल वळवून परत पहिल्या खांबाशी. चल, पहिल्यापासून. शाळेला उशीर झाला तरी चालेल म्हणायचा. मास्तरांचा मार त्यालाही बसायचा, सातवीतला असूनही.

हे अहवालात कुठे बसत नाही. का लिहिलं माहीत नाही.

११ मार्च, मंगळवार

अंतरिम अहवाल तयार. चोवीस पानं, दोन तक्ते. निष्कर्ष: भोंग्याचा पासंग भारी. चष्मेवाल्याचा नाही. शेवटच्या पानावर एक ओळ हाताने घातली: 'तरी तुझ्याबद्दल राग नाही.' मग खोडली. अहवालात भावना नको. मग पुन्हा लिहिली, बारीक अक्षरात.

ही म्हणाली, उद्या चारला निघू. चहा घेऊ, पोटभर बोलू, सव्वाआठला त्यांची गाडी दारातून निघेल. मी म्हणालो, तू पुढे हो. मी सत्ताविसावा करून आठला निघतो. टॅक्सीने दहा मिनिटं.

तिच्या गप्प बसण्यात संमती होती.

१२ मार्च, बुधवार. दुपारी ३.५०

ही गेली. जाताना म्हणाली, अजून वेळ आहे, चला. अंगात धुतलेला सदरा, अहवाल प्लॅस्टिकच्या पिशवीत, चपला दाराशी काढून ठेवल्या आहेत. सगळं नियोजनात आहे. काय बोलायचं तेही ठरलं आहे. आधी अहवाल, मग तब्येत.

१३ मार्च, गुरुवार

कार्यक्रम पाच मिनिटं लांबला. चष्मेवाल्याने घेतली पाच मिनिटं. अपवाद.

आठ सहाला टॅक्सी. पुलावर वाहनं तुंबलेली. काही सुचेना म्हणून टॅक्सीवाल्याला विचारलं, या पुलाला खांब किती? तो म्हणाला, काका, पुलावर उभं राहून खांब दिसतात होय?

आठ चाळीसला पोचलो. फाटकाशी ही एकटी उभी. शेजारी जमिनीवर चादरीत गुंडाळलेला टीव्ही.

म्हणाली, गाडी पंधरा मिनिटं थांबवली. दादा पुढच्या सीटवर बसले नाहीत, तिथून तुम्ही येणार तो रस्त्याचा कोपरा दिसत नाही म्हणून. मग ड्रायव्हर कुरकुरायला लागला. टीव्ही तुम्हाला द्यायला सांगितलाय. धाकट्याला लागेल, म्हणाले.

माझ्याकडे टीव्ही आहे हे त्याला माहीत आहे. टोमणाच असणार.

परतीच्या टॅक्सीत टीव्ही आमच्या दोघांच्या मध्ये. ही खिडकीतून बाहेर बघत होती. अहवालाची पिशवी गुडघ्यावर. आज सकाळचा भोंगा मोजला नाही.

१४ मार्च, शुक्रवार

दादाचा टीव्ही आमच्यापेक्षा मोठा आहे. मोजणीला बरा पडेल म्हणून संध्याकाळी मांडला. बरोबर सातला बटण दाबलं. भोंगा लागेल अशी मनाची तयारी केली होती.

खिडकीची काच थरथरली. फडताळातला एक पेला खाली आला. खालच्या मजल्यावर कोणाचं तरी मूल रडायला लागलं. शेजारचे गृहस्थ गालाला साबण लागलेला तसाच घेऊन दाराशी आले आणि काय झालं, काय झालं म्हणून विचारायला लागले.

पडद्यावर चष्मेवाला होता. माझा. कोपऱ्यात आकडा: आवाज १००.

रिमोट सापडेपर्यंत तो ओरडत होता. त्या आवाजात दोघांत काही फरक कळत नाही.

बंद केल्यावर हिने सांगितलं. मी मध्ये बोललो नाही.

दोन वर्षांपासून दादाला ऐकू कमी येत गेलं. कानाचं यंत्र आणलं होतं, त्यात शिट्टी वाजते म्हणून डब्यात ठेवून दिलं. कोणाला सांगायचं नाही अशी वहिनींना ताकीद. टीव्हीवर एकट्या भोंग्याचं ऐकू यायचं, तो ओरडायचा म्हणून. त्याचं पटायचं असं काही नव्हतं. बाकीच्यांचे नुसते ओठ हलायचे. जुलैत जेवताना माझेही. मी ओरडलो तेवढं एक वाक्य ऐकू गेलं.

त्यानंतर त्याने भोंगा लावला नाही. रोज सातला चष्मेवाला. आवाज वाढवत वाढवत शंभरावर नेला. शंभराच्या पुढे आकडा नाही. वहिनी म्हणायच्या, ऐकू येत नाही तर बघता कशाला? तो म्हणायचा, धाकटा बघत असेल.

ही म्हणाली, तीनदा सांगायला घेतलं. दोनदा मी, एकदा वहिनींनी.

वही मागे उलटून पाहिली. दहा फेब्रुवारी, दोन मार्च, सात मार्च. नोंदी बरोबर आहेत.

१५ मार्च, शनिवार

ते पोचले. दुपारी फोन केला. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं.

वहिनी घरात नसाव्यात. दादाने उचलला. मी म्हणालो, दादा, मी. तो म्हणाला, काय? मी मोठ्याने म्हणालो, मी आहे. काय? मी ओरडलो. मशीन थांबवून ही बघायला लागली. काय?

मग तो तिकडे कोणाला तरी म्हणाला, कोणी बोलतच नाही. आणि ठेवला.

अकरा सेकंद. स्टॉपवॉच हातात होतं, सवयीने दाबलं गेलं. मागे पडतं, म्हणजे बारा असतील.

१६ मार्च, रविवार

सकाळी पुलाखाली गेलो. ही बरोबर. काठाकाठाने चिखल आहे. हिने माझा दंड धरला होता, की मी हिचा, लक्षात नाही.

आमच्या काठावरून बारा दिसतात. पाण्यात उभे. बारा हा आकडा मी मोठ्याने म्हणालो. मग पूल ओलांडून पलीकडे उतरलो. तिकडे, दादाच्या घराच्या बाजूला, झुडपांत आणखी दोन. जमिनीवर. शेवाळ नाही, म्हणून नवेच वाटतात. आमच्या बाजूने दिसायचा प्रश्नच नाही.

म्हणजे पाण्यातलेच धरले तर चष्मेवालाही एका अर्थी—

ही माझ्याकडे बघत होती. वाक्य तिथेच सोडलं.

वहीची बरीच पानं कोरी आहेत. दादाचे डोळे अजून चांगले आहेत. अक्षर मोठं काढलं तर एका पानावर चार ओळी बसतात. त्यातलं एक पान फाडून उद्या टपालात टाकायचं, म्हणून इथे नक्कल.

दादा, भोंगा बरोबर होता.
चौदा आहेत.
मी आज जाऊन मोजले.
दोनदा. दुसऱ्यांदा पहिल्यापासून.